तेल पाचवा हिस्सा, बाकी सगळा कडू चिखल

मॉलमध्ये ऑलिव्ह ऑइलच्या शेल्फवर सगळ्यात स्वस्त बाटली असते ती बहुतेकदा 'पोमेस'ची, आणि घरोघरी तीच 'हार्टला चांगलं' म्हणून येते. पोमेस म्हणजे चोथा. तेल काढून उरलेल्या चोथ्यातून हेक्झेन (तेल विरघळवणारं रसायन) वापरून ओढून काढलेलं आणि मग रिफाइन केलेलं तेल. तळायला काही वाईट नाही, पण ज्या पॉलीफेनॉल या अँटिऑक्सिडंट द्रव्यांसाठी ऑलिव्हचं एवढं कौतुक चालतं ते रिफाइनिंगमध्ये जवळपास सगळं निघून जातं.

खरी गंमत अशी की मुळात ते तेलात फारसं येतच नाही. स्पेनच्या हाएन भागात ऑलिव्हशिवाय दुसरं झाड दिसणं मुश्कील, तिथे 100 किलो फळाचं तेल निघतं साधारण 20 किलो. 1990 च्या दशकात तिथे नवीन सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून तेल वेगळं करणारी यंत्रं) आले, त्यामुळे पाणी वाचलं पण उरलेला 80 किलो माल म्हणजे बिया, साल, गर आणि पाणी यांचा ओलाकिच्च काळपट लगदा, ज्याला ते आल्पेरुहो म्हणतात. आपल्या शेंगदाणा पेंडीसारखा कोरडा नाही, की उचलला आणि गुरांपुढे टाकला.

पॉलीफेनॉलच्या रेणूवर ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) लटकलेले असतात, म्हणून ते पाण्याला चिकटतात. फळ दळून पेस्ट हलवत ठेवली की तेलाचे बारीक थेंब एकत्र येऊन मोठे होतात, फेनॉल मात्र पाण्यासोबतच राहतात, आणि फळातल्या एकूण फेनॉलपैकी जेमतेम 2 टक्के तेलात जातात.

कच्चं ऑलिव्ह तोंडात धरवत नाही इतकं कडू लागतं ते ओल्युरोपीन या पॉलीफेनॉलमुळे. त्याचे तीन तुकडे जोडलेले असतात: ग्लुकोज, एलेनोलिक आम्ल आणि हायड्रॉक्सीटायरोसोल. फळ ठेचलं की त्यातलंच एक एन्झाइम ग्लुकोज तोडतं, पण उरलेल्या दोघांना जोडणारा एस्टर बंध बराचसा शिल्लक राहतो. स्पेनमधल्याच सेव्हियाच्या इन्स्तित्यूतो दे ला ग्रासा या तेल-चरबी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी या लगद्याला दाबाखाली 160 अंशांच्या आसपासची वाफ दिली, तर बंध तुटून हायड्रॉक्सीटायरोसोल पाण्यात मोकळं झालं, मग ते गाळून वेगळं काढता येतं.

तेल खवट होतं ती साखळी असते, एक फ्री रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेला अस्थिर रेणू) फॅटी अॅसिडचा हायड्रोजन पळवतो, तिथे नवीन रॅडिकल तयार होतो, तो पुढच्याचा पळवतो. हायड्रॉक्सीटायरोसोलच्या रिंगवर दोन ओएच शेजारी-शेजारी आहेत, ते आपला हायड्रोजन देऊन टाकतं आणि उरलेला एकटा इलेक्ट्रॉन रिंगभर पसरून गप्प बसतो, म्हणजे साखळी तिथेच संपली. पण हेच फेनॉल नदीत सोडले की मासे मरतात आणि शेतात ओतले की बी उगवत नाही.

युरोपात या फेनॉलबद्दल आरोग्याच्या दाव्याला परवानगी आहे ती एवढीच: रोज 20 ग्रॅम तेलातून 5 मिलीग्रॅम हायड्रॉक्सीटायरोसोल आणि त्याची भावंडं मिळाली तर रक्तातल्या चरबीचं ऑक्सिडेशन रोखायला मदत. शुगर गेली, कॅन्सर पळाला, शरीर 'डिटॉक्स' झालं, हे सगळं कॅप्सूलवाल्यांचं.

इटलीत बिया वेगळ्या काढणाऱ्या डिकँटरमधून (हाही एक सेंट्रिफ्यूजच) मऊ पेस्टसारखा लगदा मिळतो, तो वाळवून ब्रेड-पास्त्यात घालून बघितलाय. फायबर वाढतं, पण प्रमाण थोडं वर गेलं की पाव कडू. त्यात सीझन थंडीचे दोन-तीन महिने, लगद्यात निम्म्याहून जास्त पाणी, पडून राहिला की आंबतो, आणि वाळवायचं बिल कुणी भरायचं यावर बऱ्याच गिरण्यांचं गाडं अडलंय. बिया मात्र विकल्या जातात, बॉयलरमध्ये जाळायला.