लिनक्सचा इन्स्टॉलर इतके प्रश्न का विचारतो?

अडगळीत पडलेला डेस्कटॉप घरचा सर्व्हर म्हणून वापरायचा आणि त्यावर फोटो, बॅकअप व घरातल्या सगळ्यांच्या फायली ठेवायच्या, असे ठरवून कोणी डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणालीचा पेनड्राइव्ह लावला की भाषा, कीबोर्ड, फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर), पार्टिशन (डिस्कचे भाग), रूटचा म्हणजे मुख्य प्रशासकाचा पासवर्ड, बूटलोडर (यंत्र सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्राम), एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून यंत्र सुरक्षितपणे हाताळण्याची सोय) असे प्रश्न एकामागून एक पुढे येतात. हे प्रश्न कोणी एका बैठकीत ठरवलेले नाहीत. त्यांतले बहुतेक त्या त्या काळच्या अडचणींतून आले आणि काही अडचणी दूर झाल्यावरही प्रश्न मात्र टिकून राहिले.

लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये हेलसिंकी येथे शिकत असताना लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, पहिल्या आवृत्त्या खुल्या केल्या, तेव्हा इन्स्टॉलर नावाची गोष्टच नव्हती. पुढे एक बूट फ्लॉपी आणि एक रूट फ्लॉपी अशी जोडी मिळू लागली. तिच्यावरून यंत्र सुरू होत असे, पण हार्ड डिस्कवरून सुरू करायचे असेल तर डिस्कच्या सुरुवातीच्या सेक्टरमधले बाइट हेक्स एडिटरने हाताने बदलावे लागत. हा जाच कमी करण्यासाठी मँचेस्टर कॉम्प्युटिंग सेंटरच्या ओवेन ल ब्लांक यांनी फेब्रुवारी 1992 मध्ये एमसीसी इंटरिम लिनक्स काढले. त्यात मेन्यूवरून चालणारी मांडणी होती. त्याच वर्षी एसएलएस हे दुसरे वितरण (कर्नल व सोबतच्या प्रोग्रामांचा तयार संच) आले आणि लोकप्रियही झाले, परंतु त्यातल्या दोषांना कंटाळूनच दोन टिकाऊ वितरणे उभी राहिली : जुलै 1993 मध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचे स्लॅकवेअर आणि ऑगस्ट 1993 मध्ये इयन मर्डॉक यांनी जाहीर केलेले डेबियन.

स्लॅकवेअरच्या फ्लॉप्या अक्षरांनुसार लावलेल्या असत : मूळ प्रणालीसाठी ए, नेटवर्कसाठी एन, खिडक्यांच्या पडद्यासाठी एक्स. ज्याला फक्त सर्व्हर हवा त्याने एक्सचा गठ्ठा उतरवूच नये, अशी ती सोय होती. आज डेबियनचा इन्स्टॉलर शेवटाकडे ‘डेस्कटॉप हवा का, एसएसएच सर्व्हर हवा का’ असे विचारतो, तेव्हा तीच निवड वेगळ्या रूपात पुढे येते. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. त्या डायल-अपवरून एवढा मजकूर उतरवणे व्यवहार्य नव्हते, म्हणून आपल्याकडच्या अनेकांना लिनक्स प्रथम भेटले ते ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत आलेल्या सीडीवर.

सर्वांत जास्त घोटाळे बूटलोडरने केले. वेर्नर आल्मेस्बर्गर यांचा लिलो हा बराच काळ प्रचलित बूटलोडर होता. त्याला फाइल प्रणाली, म्हणजे डिस्कवरची फायलींची मांडणी, कळत नसे. कर्नल डिस्कवर नेमका कुठे आहे याची नोंद तो आधीच करून ठेवी, त्यामुळे कर्नल बदलून लिलोची कमांड पुन्हा चालवायला विसरले की यंत्र सुरू होण्याची खात्री उरत नसे. सुरू होताना तो स्वतःचे नाव एकेक अक्षराने छापत असे आणि जिथे अडकेल तिथे थांबे. ‘एल’, ‘आय’ एवढीच दोन अक्षरे दिसली तर पहिल्या टप्प्याने दुसरा टप्पा डिस्कवरून उचलला खरा, पण तो चालवता आला नाही, असा त्याचा अर्थ. त्या काळच्या अनेक बायोसना (यंत्र चालू होताच प्रथम चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरना) डिस्कच्या 1024 व्या सिलिंडरपलीकडचे वाचता येत नसे, म्हणजे साधारण पहिले 8.4 जीबी एवढीच त्यांची पोहोच. कर्नल हमखास त्या हद्दीत राहावा म्हणून डिस्कच्या सुरुवातीला छोटे ‘बूट’ पार्टिशन करण्याची पद्धत पडली. ती मर्यादा केव्हाच गेली. संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करताना असे वेगळे पार्टिशन आजही उपयोगी पडते, पण बाकीच्या ठिकाणी ते निव्वळ सवयीने केले जाते असे माझे मत आहे.

डेबियनचा सध्याचा इन्स्टॉलर जून 2005 मधल्या 3.1 आवृत्तीबरोबर आला. त्याआधीच्या संचाचे नावच ‘बूट-फ्लॉपीज’ होते. नव्या इन्स्टॉलरची रचना छोट्या तुकड्यांची असून नेटवर्क कार्ड ओळखले की पुढचे तुकडे तो नेटवरून आणू शकतो. 2007 च्या 4.0 आवृत्तीत चित्रमय पडदा आला, जोडाक्षरांच्या लिप्या नीट दाखवणे शक्य झाले आणि फेब्रुवारी 2009 च्या 5.0 आवृत्तीत मराठीचा समावेश झाला. मात्र सर्व्हरच्या साध्या कन्सोलला, म्हणजे फक्त अक्षरे दाखवणाऱ्या पडद्याला, देवनागरी धड मांडता येत नाही, त्यामुळे मराठी माणूसही सर्व्हरवर बहुधा इंग्रजीच निवडतो. ते शहाणपणाचेच आहे.

फर्मवेअरचा प्रश्न तांत्रिक कमी आणि तत्त्वाचा जास्त. अनेक वाय-फाय कार्डे कंपनीच्या बंद फर्मवेअरशिवाय चालत नाहीत, आणि मुक्त नसलेले काहीही अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचे नाही, असा डेबियनचा दंडक होता. परिणामी फर्मवेअर दुसऱ्या पेनड्राइव्हवरून द्या, अशी मागणी ऐन वेळी पडद्यावर येई. 2022 मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा दंडक शिथिल केला आणि जून 2023 च्या डेबियन 12 पासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येऊ लागले.

एसएसएचचा प्रश्न घरच्या सर्व्हरला सर्वांत जवळचा, कारण असे यंत्र एकदा कोपऱ्यात ठेवले की त्याला ना मॉनिटर ना कीबोर्ड. विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर तातू युलोनेन यांनी 1995 मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात एसएसएच लिहिले, आणि 1999 मध्ये ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या मंडळींनी त्याची मुक्त आवृत्ती काढली. फेब्रुवारी 2012 मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बाजारात आला, तेव्हा इन्स्टॉल करणे म्हणजे प्रणालीची तयार प्रतिमा मेमरी कार्डावर उतरवणे एवढेच उरले. प्रश्न नाहीत म्हणजे उत्तरे सर्वांची सारखी : नाव ‘पाय’, पासवर्ड ‘रास्पबेरी’. ही उघडी दारे धोक्याची ठरतात हे ओळखून नोव्हेंबर 2016 पासून त्यात एसएसएच मुळात बंद ठेवले गेले, आणि ते सुरू करायचे तर कार्डाच्या बूट विभागात ‘एसएसएच’ नावाची रिकामी फाइल ठेवावी लागू लागली. एप्रिल 2022 मध्ये ठरलेले नावही काढून टाकले. आता नाव, पासवर्ड, वाय-फाय आणि एसएसएच यांबाबतची विचारणा कार्ड लिहिण्यापूर्वी दुसऱ्या संगणकावरच होते.