जस्त-निष्कासन, जिवाणूंतील

जिवाणूच्या पेशीत साठलेले जादा जस्त पेशीपटलातील विशिष्ट वाहक प्रथिनांमार्फत बाहेर टाकले जाण्याची क्रिया. या धातूला संस्कृत रसग्रंथांत यशद आणि कन्नडात सतु म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात गोठ्यावरचा पत्रा ‘जस्ताचा’ आणि उसाला घालायचे खत ‘झिंक’ अशी शब्दांची वाटणी रूढ असून, दोन्हींत धातू एकच आहे हे बोलण्यात सहसा लक्षात येत नाही. यशद हा शब्द मूळचा संस्कृत की जस्त या शब्दाचे संस्कृतीकरण, याविषयी मतभेद आहेत. तो प्रामुख्याने उत्तरकालीन ग्रंथांत आढळतो हे पाहता दुसरे मत अधिक संभाव्य वाटते.

डीएनएवरून आरएनए घडविणाऱ्या विकरासह पेशीतील अनेक प्रथिनांना जस्त लागते. तथापि धातूंच्या बंधनांची बळकटी दर्शविणाऱ्या आयर्विंग–विल्यम्स क्रमानुसार मँगॅनीज व लोह यांच्यापेक्षा जस्ताची बंधने बळकट असल्यामुळे, त्याचे प्रमाण वाढताच ते या धातूंच्या जागा बळकावते आणि विशेषतः लोह-गंधक समूह असलेली प्रथिने निकामी होतात. विद्युत्‌भारित आयन पेशीपटलाच्या मेदस्तरातून आपोआप पार होत नाही. म्हणून त्याला बाहेर काढण्यासाठी खास प्रथिने आवश्यक ठरतात.

पेशीत ‘मोकळे’, म्हणजे कशालाही न चिकटलेले जस्त किती असते, हा या विषयातील बहुचर्चित प्रश्न आहे. एश्चेरिकिया कोलाय या जिवाणूच्या एका पेशीत जस्ताचे एकूण सुमारे दोन लाख अणू असतात. 2001 मध्ये आउटेन व ओहॅलोरन यांनी असे दाखविले, की जस्ताची चाहूल घेणारी झिंट-आर व झुर ही नियंत्रक प्रथिने फेम्टोमोलर, म्हणजे लिटरमागे 10⁻¹⁵ मोलच्या आसपासच्या पातळीला प्रतिसाद देतात. एक घन मायक्रोमीटर आकारमानाच्या पेशीत एकच मोकळा आयन असला, तरी त्याची संहती 1.6 नॅनोमोलरहून (नॅनो = 10⁻⁹) अधिक, म्हणजे या पातळीच्या सोळा लाख पटींहून जास्त भरते. त्यामुळे पेशीत मोकळे जस्त जवळजवळ नसतेच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे प्रतिदीप्ती संवेदकांनी केलेल्या मापनांत पिकोमोलर (पिको = 10⁻¹²) पातळीचे आकडे मिळाले. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी मानण्याचे कारण नसावे. पेशीतील लहान रेणूंना सैलपणे चिकटलेले जस्त हातोहात फिरत असते असे धरले, तर दोन्हींची संगती लागते.

जादा जस्त झिंट-आरला चिकटले, की हे प्रथिन डीएनएच्या धाग्याला पीळ देते आणि एरवी सुस्त असलेले झिंट-ए हे जनुक वाचले जाऊ लागते. झिंट-ए प्रथिनाचा शोध 1997 मध्ये लागला. 732 ॲमिनो अम्लांचे हे प्रथिन पी-प्रकारच्या एटीपी-विघटकांपैकी (एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरविणारा रेणू) असून, ते एटीपीच्या ऊर्जेवर जस्त, कॅडमियम व शिसे यांचे आयन बाहेर लोटते. त्याच्या आठ पटलपारगामी सर्पिलांमध्ये 392 व 394 या क्रमांकांची सिस्टीने आणि 714 क्रमांकाचे ॲस्पार्टिक अम्ल मिळून आयनाची बैठक तयार होते. एटीपीकडील फॉस्फेट 436 क्रमांकाच्या ॲस्पार्टिक अम्लावर येते, प्रथिनाचा आकार पालटतो, आतली वाट बंद होऊन बाहेरची उघडते. इतका घट्ट धरलेला आयन सुटतो कसा, याचे उत्तर शिगेला सोनाय या जिवाणूतील झिंट-एच्या 2014 मधील स्फटिकरचनेतून मिळाले: 693 क्रमांकाच्या लायसीनचा धनभार ॲस्पार्टिक अम्लाजवळ सरकतो आणि आयनाची जागा घेतो. आरंभीच्या टोकाशी असलेला धातुबंधक भाग कापून टाकला, तरी वहन मंद होते पण थांबत नाही. हा भाग आवश्यक आहे हे जुने मत त्यामुळे मागे पडले.

निष्कासक प्रथिनांचे झिंट-एच्या कुलानंतरचे दुसरे कुल धनायन-प्रसार-सुलभकांचे होय. हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण यात निव्वळ प्रसार नसून प्रोटॉन आत येण्याच्या ओढीवर जस्त बाहेर जाते. सरसकट सर्व वाहकांना ‘पंप’ म्हणण्याची प्रथाही तितकीच सैल आहे. ई. कोलायमध्ये या कुलातील दोन प्रथिने आहेत: झिट-बी आणि वायआयआयपी. दुसऱ्याच्या नावाचाच वाद आहे. 2005 मध्ये ते लोह बाहेर टाकते असे आढळल्यावरून त्यास फीफ असे नाव मिळाले. परंतु शुद्ध केलेल्या प्रथिनावरील प्रयोगांत त्याने जस्त व कॅडमियम निवडले, लोह नव्हे. लू व फू यांनी 2007 मध्ये मांडलेल्या रचनेतही त्याच्या जुळ्या घटकांत तीन ॲस्पार्टिक अम्ले व एक हिस्टिडीन यांनी चहूबाजूंनी धरलेले जस्तच दिसते. तेव्हा ते मुख्यतः जस्तवाहक समजणे योग्य. सस्तन प्राण्यांतील सजातीय प्रथिनांत यांपैकी 45 क्रमांकाच्या ॲस्पार्टिक अम्लाच्या जागी हिस्टिडीन असते आणि एवढ्या बदलाने कॅडमियमला मज्जाव होतो.

तिसरी, त्रिखंडी यंत्रणा ग्रॅम-ऋण, म्हणजे आत व बाहेर अशी दोन पटले असलेल्या जिवाणूंत आढळते. तिचा अभ्यास प्रामुख्याने बेल्जियममधील एका जस्त कारखान्याच्या निवळण टाकीतून 1976 मध्ये मिळविलेल्या सीएच-34 या वाणावर झाला. अल्कॅलिजेनिस, राल्स्टोनिया, वॉटर्सिया असा प्रवास करीत ते आता कप्रिअ‍ॅव्हिडस मेटॅलिड्युरान्स या नावाने स्थिरावले आहे. जुने संशोधन चाळताना ही नावे एकाच जिवाणूची आहेत हे ध्यानी ठेवावे. त्यातील सीझेडसी-सीबीए यंत्रणा आतल्या पटलापासून बाहेरच्या पटलापर्यंत सलग नळी उभी करते. ती मुख्यतः पेशीद्रवातून नव्हे, तर दोन पटलांमधल्या पोकळीतून जस्त उचलते, असे मत आता अधिक मान्य आहे.

बेळगावच्या पूर्वेकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सामू जास्त असल्याने जस्त असूनही पिकाला मिळत नाही आणि मक्याच्या कोवळ्या पानांवर पांढुरके पट्टे येतात. अशा रानात एकरी दहा किलो झिंक सल्फेट टाकले, तर त्यातील 21 टक्क्यांप्रमाणे दोन किलो शंभर ग्रॅम जस्त पडते; वीतभराहून कमी, पंधरा सेंटिमीटर थराच्या सुमारे नऊ लाख किलो मातीत ते दशलक्षभागी दोन-अडीच भाग भरते. परंतु विरघळत्या दाण्याला लागून असलेल्या जिवाणूला ही सरासरी लागू नाही. त्याच्या भोवती काही काळ जस्ताचा तीव्र द्राव असतो आणि निष्कासन प्रथिनांचा कस तेथे लागतो. पहिल्या पावसात जस्ती पत्र्याच्या पन्हाळीखालच्या मातीचीही हीच गत.

कृषिसेवा केंद्रांत मिळणारे ‘झिंक विरघळविणारे जिवाणू’ आणि प्रस्तुत क्रिया यांची गल्लत होऊ नये. प्रयोगशाळेत झिंक ऑक्साइड मिसळलेल्या दुधाळ पोषकद्रव्याच्या बशीत अशा जिवाणूच्या वसाहतीभोवती जे नितळ कडे उमटते, ते ग्लुकॉनिकसारख्या अम्लांनी पेशीबाहेर केलेले काम असते. निष्कासन त्यानंतरचे: आपणच सोडविलेल्या जस्तात टिकून राहण्यासाठी.

रोगकारक जिवाणूंतही ही प्रथिने महत्त्वाची आहेत. भक्षक पेशी गिळलेल्या क्षयजंतूवर जस्ताचा मारा करतात आणि जंतू सीटीपी-सी या पी-प्रकारच्या प्रथिनाने तो परतवितो, असे 2011 मध्ये मांडले गेले. हे प्रथिन मँगॅनीजवाहक असल्याचे मतही पुढे आले आहे. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूत जस्ताने जागे होणारे सीझेडसी-आर हे नियंत्रक प्रथिन निष्कासन यंत्रणा सुरू करतानाच ओपीआर-डी हे बाह्यपटलातील छिद्रप्रथिन घटविते, आणि त्याच छिद्रातून आत जाणारी कार्बापेनेम प्रतिजैविके निष्प्रभ ठरतात.