कुत्रा हराळी का खातो, आणि काळजी कधी करायची

सकाळी फिरायला नेलेला कुत्रा मैदानाच्या कडेला थांबतो, मान तिरकी करतो आणि बाजूच्या दाढांनी हराळीची कोवळी पाती कापून खाऊ लागतो. बघणाऱ्याचं निदान ठरलेलं असतं: पोट बिघडलंय, आता उलटी करून मोकळा होईल. या समजाची नीट तपासणी २००७-०८च्या सुमारास झाली आणि त्यात तो फारसा टिकला नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅरन सुएडा, बेंजामिन हार्ट आणि केली क्लिफ यांनी कुत्री पाळणाऱ्यांची ऑनलाइन पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. निकषांत बसणाऱ्या १,५७१ उत्तरांपैकी ६८ टक्के लोकांनी सांगितलं की त्यांचा कुत्रा रोज किंवा आठवड्यातून एकदा तरी गवत वा पाला खातो. खाण्याआधी कुत्रा बरेचदा आजारी दिसतो असं सांगणारे फक्त ८ टक्के होते, आणि नंतर नेहमी उलटी होते म्हणणारे २२ टक्के. गवत जास्त खाणारी कुत्री वयाने लहान होती, आणि आधी आजारी दिसण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं. ही सगळी माहिती मालकांच्या आठवणीतली, त्यामुळे एकेक टक्क्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. पण ८ आणि ६८ मधलं अंतर आठवणीच्या चुकीने पडण्याएवढं लहान नाही.

दुसरी बाजू प्रयोगांनी भरून काढली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठात १२ कुत्र्यांवर नजर ठेवली, तेव्हा पोट रिकामं असताना ती जास्त गवत खायची आणि जेवण झाल्यावर कमी. त्याच गटाने पुढे काही कुत्र्यांच्या खाण्यात मुद्दाम फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड (न पचणारी एक प्रकारची साखर) मिसळून त्यांची शी पातळ केली. समज खरा असता तर पोट बिघडल्यावर गवत खाणं वाढायला हवं होतं. ते उलट कमी झालं.

मग खातात कशासाठी? सर्वांत पटणारं उत्तर लांडग्यांकडे जातं. रानटी लांडग्यांच्या विष्ठेतही गवत सापडतं, आणि ते जसंच्या तसं असतं. गवतातलं सेल्युलोज पचवणारं विकर (एन्झाइम) ना लांडग्याकडे असतं, ना कुत्र्याकडे. चघळायलाही त्यांचे दात सोयीचे नाहीत: जबडा गाईसारखा आडवा फिरत नाही, दाढा कात्रीसारख्या एकमेकींवरून घसरतात. म्हणून गवताचे तुकडे होतात, चोथा होत नाही. ही न पचलेली तंतुमय पाती आतड्यातून जाताना जंतांना गुंडाळून बाहेर नेत असावीत, असा हार्ट यांचा तर्क आहे. टांझानियातले चिंपांझी खरखरीत पानं न चावता गिळतात आणि त्यांच्या विष्ठेत त्या पानांबरोबर जंत सापडतात, हा त्याला बाहेरून मिळालेला आधार. कुत्र्यांमध्ये थेट पुरावा अजून नाही. आज जंताचं औषध वेळेवर मिळणाऱ्या कुत्र्याला या सवयीचा उपयोग नसेल, पण उपयोग संपला म्हणून सवय जात नाही.

उलटीचं गणित सोपं आहे. लांब पाती न चावता गिळली की घसा आणि जठराचं अस्तर चाळवतं, आणि पिवळा-पांढरा फेस व गवताचा गोळा बाहेर येतो. त्यानंतर कुत्रा शेपूट हलवत खायला मागत असेल तर काहीही करू नका. रोज पहाटे रिकाम्या पोटी पिवळा फेस पडत असेल, तर आधी घड्याळ बघा. संध्याकाळी ७ला जेवलेल्या कुत्र्याला सकाळी ८ला नाश्ता मिळत असेल, तर दोन जेवणांत १३ तासांचं अंतर पडतं, पोट रिकामं राहतं आणि पित्त जठरात चढतं. रोजच्याच खाण्यातला थोडा भाग काढून रात्री १०-११ला दिला की पुष्कळ कुत्र्यांची ही उलटी थांबते.

खाण्यात चोथा, म्हणजे तंतुमय भाग, कमी असल्यामुळे गवत खातात, हेही सर्रास सांगितलं जातं. सगळ्यांना ते लागू नाही, काहींना आहे. ७ वर्षं झाडपाला खाऊन उलट्या करणाऱ्या एका पूडलची नोंद २००७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तंतुमय आहार सुरू केल्यावर काही दिवसांतच त्याची सवय सुटली. आपल्याकडे दूध-पोळीवर वाढणाऱ्या कुत्र्यांचा प्रश्न जरा वेगळा असतो: त्यात प्रथिनं अपुरी पडतात, आणि वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांना दूध बरेचदा पचत नाही. शिजवलेला लाल भोपळा, बिनमिठाचा आणि बिनफोडणीचा, लहान कुत्र्याला एक चहाचा चमचा आणि लॅब्राडॉरएवढ्याला एक-दोन मोठे चमचे रोज देऊन दोन आठवडे बघायला हरकत नाही.

घाबरायचं ते गवतावर काय आहे याला. सोसायटीच्या लॉनवर तणनाशक किंवा कीटकनाशक मारलं असेल, तर माळ्याला औषधाचं नाव विचारा आणि लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत कुत्र्याला तिकडे नेऊ नका. सोयाबीनच्या पट्ट्यात शंखी गोगलगायींसाठी बांधावर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतात. त्या कुत्र्यांना चवीला आवडतात, आणि काही तासांतच लाळ, थरथर, झटके सुरू होतात आणि अंग तापतं. यावर नेमका उतारा नाही, त्यामुळे डॉक्टरकडे पोचायला लागणारा वेळ हाच निर्णायक. मिठाचं पाणी पाजून ओकवण्याचा घरगुती उपाय करू नका, रक्तात सोडियम वाढून कुत्रा त्यानेच दगावू शकतो. गवताऐवजी बागेतली कण्हेर किंवा सायकस (ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड) चावला असेल, तर लक्षणांची वाट न बघता निघायचं. कण्हेर हृदयावर घाला घालते, सायकस यकृतावर.

पावसाळ्यात ओल्या गवतातून गोचीड अंगावर चढते आणि साचलेल्या पाण्यातल्या उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. लसीत लेप्टोचा समावेश आहे का, हे कार्डावर तपासा. पाऊस संपला की कुसळं पिकतात. कुसळाला मागे वळलेले केस असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं. अचानक लागोपाठ शिंका, पंजाने तोंड घासणं, एकाच कानाकडे डोकं झटकणं ही त्याची खूण. नाकात किंवा कानात शिरलेलं कुसळ घरी चिमट्याने काढायला जाऊ नका.

शी करताना गवताचं पातं लोंबकळत राहिलं तर कुत्रा चालता चालता ते पडून जातं. पण ते पातं नसून दोरा किंवा प्लॅस्टिकची पट्टी असेल तर ओढू नका. दुसरं टोक आतड्यात अडकलेलं असलं तर ओढताना आतडं कापलं जातं.

डॉक्टरकडे जायची कारणं मोजकी आहेत. एरवी निवडून खाणारा कुत्रा अधाशासारखा मिळेल ते गवत मातीसकट ओरबाडू लागला. सोबत फरशी, भिंती चाटतोय आणि सारखा आवंढा गिळतोय. दिवसात दोन-तीनपेक्षा जास्त उलट्या, उलटीत रक्त, २४ तास अन्नाला तोंड नाही. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि घाण वासाचे जुलाब सुरू झाले तर ते गवतावर ढकलू नका, पार्व्होची (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) शंका धरा. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय, उबळ येते पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा मध्यरात्र असली तरी निघायचं.

सवय मोडायचीच असेल तर तोंडातून गवत हिसकावू नका. हिसकावलं की तो अधिक घाईने गिळायला शिकतो. 'सोड' म्हणून हातातला खाऊ दाखवा, सोडल्याबरोबर द्या. नाहीतर घरचंच गवत द्या. मूठभर गहू रात्रभर भिजवून तीन-चार इंच खोल ट्रेमध्ये मातीवर पसरायचे, वर पातळ माती आणि रोज पाण्याचा फवारा. आठ-दहा दिवसांत बोटभर उंचीचं गवत येतं. बुरशी धरली तर ट्रे फेकून द्या. गव्हाऐवजी ज्वारी मात्र पेरू नका: तिच्या कोवळ्या पानांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं आणि त्याने गुरंसुद्धा मरतात.