लॅपटॉपचा वेग वाढवायचाय? मग व्होल्टेज उतरवा

जुलै २०१८मध्ये ॲपलचा नवा मॅकबुक प्रो आला. आत इंटेलचा सहा कोअरचा आय-नाइन प्रोसेसर, मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ आणि टर्बोत, म्हणजे थोडा वेळ आपणहून वाढवलेल्या वेगात, ४.८ पर्यंत. पण व्हिडिओचं जड काम लावलं की तो मूळ वेगाच्याही खाली घसरतो, हे लोकांनी आठवडाभरात दाखवून दिलं. ॲपलनं माफी मागितली, उष्णता सांभाळणाऱ्या फर्मवेअरमध्ये (मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) एक डिजिटल किल्ली घालायचीच राहून गेल्याचं सांगितलं आणि अपडेट दिलं. गंमत म्हणजे त्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एचके' होतं. यातला 'के' म्हणजे ओव्हरक्लॉकिंगसाठी, कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवण्यासाठी, मोकळा सोडलेला. मोकळा सोडून करायचं काय, पळायला जागाच नव्हती!

लॅपटॉपमध्ये घोडं अडतं ते वॅटपाशी. ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दहा टक्के वाढवला आणि तो पेलावा म्हणून व्होल्टेजही दहा टक्के वाढवलं, तर १.१ चा घन, म्हणजे १.३३. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के जास्त उष्णता. डेस्कटॉपवर मोठा कूलर बसवून हे निभावतं. बोटभर जाडीच्या डब्यातल्या दोन हीटपाइपांना, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांना, ते झेपत नाही. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचतो आणि आपणहून वेग उतरवतो. परदेशी चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात, हेही लक्षात ठेवा. विदर्भात मे महिन्यात खोलीचाच पारा पस्तिशीपुढे असतो. तेवढा फरक जवळपास जसाच्या तसा प्रोसेसरच्या तापमानात मिळवायचा.

आता हेच गणित उलटं मांडा. वेग तोच ठेवून व्होल्टेज १.१ वरून १.० वर आणलं, तर खर्च सुमारे १७ टक्के कमी होतो. हे वाचलेले वॅट प्रोसेसर स्वतःच टर्बोत वापरतो. म्हणून लॅपटॉपवालं खरं ओव्हरक्लॉकिंग म्हणजे अंडरव्होल्टिंग, व्होल्टेज उतरवणं, असं माझं मत आहे.

व्होल्टेज उतरवायला वाव असतो, कारण एकाच वेफरवरच्या, म्हणजे सिलिकॉनच्या एकाच चकतीवरच्या, दोन चिप सारख्या निघत नाहीत. कंपनीला त्यातल्या अशक्त चिपचा, वाढत्या तापमानाचा आणि पुढच्या काही वर्षांच्या झिजेचा विचार करून थोडं जास्तच व्होल्टेज ठेवावं लागतं. ही सूट किती कापायची, यातच सगळं कसब आहे.

कारण प्रोसेसरपर्यंत पोचणारं व्होल्टेज स्थिर नसतं. अडॅप्टरचे १९-२० व्होल्ट मदरबोर्डवर उतरून साधारण एक व्होल्ट होतात, आणि एका व्होल्टला ४५ वॅट म्हणजे ४५ अँपिअर. वाटेत एक मिलिओहम रोध असला तरी ४५ मिलिव्होल्ट तिथेच गळतात. विहिरीवरची मोटर सुरू होताना घरातला दिवा क्षणभर मंद होतो, तसंच इथे घडतं, फक्त नॅनोसेकंदांत. पहिला धक्का चिपलगतचे कपॅसिटर झेलतात, व्होल्टेज सावरणारं सर्किट मागाहून जागं होतं.

म्हणूनच प्रोसेसरवर सतत भार टाकणारा प्राइम-९५ हा प्रोग्रॅम अर्धा तास बिनतक्रार चालवणारं मशीन नंतर साधा ब्राउझर उघडताना ब्लू स्क्रीन देतं. सततच्या भारापेक्षा भाराची उडी घातक. दहा-दहा मिलिव्होल्टनं खाली यावं, प्रत्येक पायरीवर रोजचं काम करून बघावं, आणि विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये 'व्हिया' (WHEA) नावाच्या नोंदी दिसू लागल्या की एक-दोन पायऱ्या मागे यावं. त्या नोंदी म्हणजे प्रोसेसरनं स्वतः पकडलेल्या चुका. न पकडलेल्या चुका जास्त वाईट. त्या फाइलमध्ये जाऊन बसतात.

या चुका कशा दिसतात, ते डिसेंबर २०१९मध्ये जगासमोर आलं. बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्युवेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी इंटेलच्या प्रोसेसरचं व्होल्टेज सॉफ्टवेअरमधूनच खाली आणलं आणि तोच गुणाकार पुन्हा पुन्हा करायला लावला. मशीन हँग झालं नाही, पण मधूनच उत्तर चुकलं, एखादा बिट उलटा. गुणाकारात सिग्नलला बरीच गेटं, म्हणजे ट्रान्झिस्टरांची छोटी सर्किटं, पार करावी लागतात. व्होल्टेज कमी पडलं की ट्रान्झिस्टर मंदावतात आणि क्लॉकचा पुढचा ठोका उत्तराआधी पडतो. याच चुका वापरून त्यांनी 'एसजीएक्स' या सुरक्षित कप्प्यातल्या गुप्त किल्ल्या काढून दाखवल्या. हल्ल्याचं नाव ठेवलं 'प्लंडरव्होल्ट'.

इंटेलनं मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) आणि बायोस (मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) यांचे अपडेट दिले, आणि तेव्हापासून असंख्य लॅपटॉपांवर व्होल्टेज उतरवायच्या सॉफ्टवेअरमधला स्लायडर हलतच नाही. कुलूप उघडायला जुना बायोस चढवण्याचे सल्ले मिळतात. ऑफिसच्या मशीनवर तर मी ते मुळीच करणार नाही. त्यापेक्षा टर्बोची कमाल मर्यादा ४.५ वरून ४.० गिगाहर्ट्झवर आणा. बहुतेक मशीनवर ही सोय शाबूत आहे. वेग उतरला की प्रोसेसर आपल्याच तक्त्यातलं खालचं व्होल्टेज मागतो, आणि तासभराच्या रेंडरिंगमध्ये उष्णतेनं अडलेल्या लॅपटॉपचा सरासरी वेग बहुधा पूर्वीइतकाच भरतो. पंखा मात्र आधी साफ करून घ्या.