गर्दी लई, गिऱ्हाईक न्हाई

नवरात्राच्या चौथ्या माळेला कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळालगत, महाद्वार रोडजवळच्या एका बोळाच्या तोंडाशी मी ओटीचं साहित्य घेत होतो. खण, नारळ, हळद-कुंकवाच्या पुड्या, वर मोगऱ्याची वेणी. मावशींनी सगळं परडीत नीट मांडून दिलं. पलीकडे बांबूचे अडसर आणि त्यापल्याड माणसांची न संपणारी रांग. 'यंदा धंदा जोरात असणार,' असं मी म्हटलं, तर वेणीवर पाणी शिंपडत त्या म्हणाल्या, 'कशाचा जोरात? गर्दी लई हाय, पर गिऱ्हाईक न्हाई. रांग त्या अंगानं वळवली. हिकडं येतंय कोण?'

दुसऱ्या दिवशी भाविकांचा लाखांतला आकडा सगळीकडे झळकत होता. त्या आकड्यात मावशींचं म्हणणं कुठेच दिसत नव्हतं. पर्यटन आणि उत्सवांच्या धोरणाचा अभ्यास करणारे संशोधक मात्र कित्येक वर्षं याच प्रश्नाशी झगडत आहेत. उत्सवाला किती माणसं आली हे मोजलं, पण त्यामुळे गावाच्या पदरात काय पडलं?

अमेरिकेतले संशोधक जॉन क्रॉम्प्टन यांनी १९९५ साली क्रीडास्पर्धा आणि तत्सम कार्यक्रमांच्या आर्थिक अहवालांची कसून तपासणी केली आणि त्यांत वारंवार होणाऱ्या अकरा प्रकारच्या चुका मांडल्या. त्यातली सर्वांत मोठी चूक आपल्याकडेही सर्रास होते. आलेल्या प्रत्येकाचा प्रत्येक रुपया उत्सवाच्या खात्यावर मांडला जातो. वास्तविक मोजायचा तो फक्त उत्सव नसता तर गावात आलाच नसता, असा पैसा.

मंगळवार पेठेतलं कुटुंब देवीला गेलं आणि येताना भेळ खाऊन आलं. उत्सव नसता तर त्यांनी तीच भेळ रंकाळ्यावर खाल्ली असती. गावातला पैसा गावातच एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, म्हणून हे कुटुंब हिशेबातून वजा. सोलापूरचे पाहुणे दिवाळीच्या सुट्टीत येणारच होते, ते महिनाभर आधी आले. त्यांनी फक्त तारीख बदलली, तेही वजा. उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचच्या कामासाठी आलेले वकील संध्याकाळी दर्शनाला गेले, पण त्यांना कोल्हापुरात कामानं आणलं होतं. त्यांचा खोलीचा खर्चही वजा. एवढं चाळून झाल्यावर खाली जे उरतं, तो उत्सवाचा खरा आर्थिक परिणाम.

शिवाय एक वजाबाकी अशा माणसांची असते, जी रांगेत कधी दिसतच नाहीत. गर्दी आणि वाढलेले भाडे पाहून जे येणं टाळतात, ती ही माणसं. लंडनमध्ये २०१२ साली ऑलिंपिक झालं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटनला आलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या आदल्या ऑगस्टपेक्षा कमी भरली. आलेल्यांनी खर्च चांगला केला, पण नेहमीचे प्रवासी मोठ्या संख्येनं दूर राहिले. आपल्याकडे चैत्रात जोतिबाची यात्रा भरते, सासनकाठ्या घेऊन गावंच्या गावं वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर येतात. त्या दिवसांत पन्हाळ्याला जायचा बेत किती जण पुढे ढकलतात, हेही मोजण्यासारखं आहे.

आता उरलेल्या पैशाचं काय होतं ते पाहू. समजा, बाहेरून आलेला एक रुपया कोल्हापूरच्या दुकानदाराच्या हातात पडला. त्यातले चाळीस पैसे त्यानं पुन्हा गावातच खर्च केले, ज्याला ते मिळाले त्यानंही त्यातला तेवढाच वाटा गावात खर्चला, आणि हे असंच चालू राहिलं, तर त्या एका रुपयाची गावातली एकूण उलाढाल सुमारे १ रुपया ६७ पैसे होते. चाळीसऐवजी साठ पैसे गावात राहिले तर तीच २ रुपये ५० पैशांवर जाते. अर्थशास्त्रात याला गुणक म्हणतात. पैशाची गावाबाहेर होणारी गळती थोडी कमी झाली की गुणक किती वाढतो, ते या दोन आकड्यांतून कळतं.

गळती कुठून होते? पेट्रोलच्या रकमेतला मोठा वाटा थेट बाहेर जातो. बुकिंगच्या ॲपचं कमिशन बाहेर जातं. बाहेरच्या कारखान्यात बनलेली प्लास्टिकची खेळणी इथे विकली, तर दुकानदाराच्या नफ्यापुरतंच गावात राहतं. याउलट हातानं शिवलेल्या कोल्हापुरी चपलेची किंमत कातडं कमावणाऱ्यापासून चामड्याची वेणी विणणाऱ्या बाईपर्यंत बऱ्याच घरांत वाटली जाते. या चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांना आहे, म्हणजे तो पैसा जिल्ह्याबाहेर गेला तरी कारागिराच्याच घरी जातो. मला विचाराल तर उत्सवाच्या जाहिरातीवर खर्चायच्या रकमेतला काही भाग अशा कारागिरांना रांगेच्या वाटेवर जागा देण्यासाठी वापरावा. त्यानं गर्दी वाढणार नाही, पण गावात राहणारा पैसा वाढेल.

सगळंच रुपयांत मोजावं असं मात्र मी म्हणणार नाही. जोतिबाच्या वाटेवर अन्नछत्रात अनोळखी माणसाच्या पानात भात वाढणाऱ्या पोराला जे मिळतं, ते कुठल्याही गुणकात बसत नाही. यात्रेत जातपात, हुद्दा विसरून माणसं काही काळ एक होतात. मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी या अनुभवाला नाव दिलं आणि तो संशोधनाचा विषय केला. धोरण ठरवताना हा लाभही जमेला धरायला हवा. तसाच खर्चाच्या बाजूला, घरासमोर दहा दिवस गाडी काढता न येणाऱ्या रहिवाशाचा त्रास धरायला हवा. जॉर्ज डॉक्सी यांनी १९७५ साली असं मांडलं की पाहुणे वाढत जातात तसा यजमान गावाचा आनंद आधी उदासीनतेत, मग चिडचिडीत आणि शेवटी उघड विरोधात बदलत जातो. प्रत्येक गावात हे टप्पे याच क्रमानं येतात असं नाही, पण खूण ओळखायला ते उपयोगी पडतात.

धोरणाचा अर्थ केवळ गर्दी वाढवणं नव्हे, हे कोल्हापूरला किरणोत्सवानं शिकवलं आहे. नोव्हेंबरमध्ये ९, १०, ११ आणि पुढे ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि चरणांपासून वर चढत अंबाबाईच्या मुखापर्यंत जातात. काही मिनिटांचा खेळ. गाभारा केवढा, तो क्षण केवढा! जाहिरात करून तो मोठा होणार नाही. उलट पश्चिमेला एखादी इमारत चढली, छतावर टाकी बसली, हवेत धूळ आणि बाष्प वाढलं की किरणं अडतात किंवा फिकी पडतात. म्हणून इथे अभ्यासकांनी किरणांच्या मार्गातले अडथळे मोजले. या उत्सवाचं खरं धोरण बांधकामाच्या परवानगीच्या कागदावर लिहिलं जातं.

पन्हाळ्याचंही असंच होऊ घातलं आहे. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पर्यटनस्थळ शोधलं जातं, वाढतं, भरतं आणि वेळीच सांभाळलं नाही तर साचतं, हा आलेख रिचर्ड बटलर यांनी १९८० साली काढला. गडावर गाड्या कुठपर्यंत न्यायच्या, हे आत्ताच ठरवणं सोपं आहे.

येत्या नवरात्रात इथल्या विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन रांगेत उभं राहावं असं मला फार वाटतं. कुठून आलात, फक्त देवीसाठीच आलात का, उत्सव नसता तर या महिन्यात आला असता का, मुक्काम कुठे, काय विकत घेतलं? एवढं पुरेल. आणि थोड्या जणांनी रांगेबाहेर, बोळात बसावं. रांगेची वाट बदलेल त्या दिवशी मावशींच्या किती परड्या गेल्या आणि आदल्या दिवशी किती गेल्या होत्या, ते लिहून घ्यावं.