नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन (नॅट)

एका सार्वजनिक आयपी पत्त्यावर (इंटरनेटवर उपकरण ओळखण्याच्या क्रमांकावर) अनेक उपकरणांना इंटरनेट वापरता यावे, यासाठी राउटर करतो ती पत्त्यांची अदलाबदल म्हणजे नॅट. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात केबलवाला घरोघरी वायफायचा जो डबा, म्हणजे राउटर, बसवून जातो, त्यात हे काम अखंड चालू असते.

आयपीव्ही४ या आयपीच्या जुन्या आवृत्तीतला पत्ता ३२ बिटांचा असल्याने असे पत्ते सुमारे ४२९ कोटींच्या पुढे जाऊच शकत नाहीत. ते संपणार हे दिसू लागल्यावर १९९४ मध्ये नॅटची कल्पना तात्पुरता उपाय म्हणून मांडली गेली. तात्पुरती सोय कायमची होण्याचे याहून ठळक उदाहरण संगणकक्षेत्रात क्वचितच सापडेल. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत. त्यामुळे टिळकवाडीतल्या आणि शहापुरातल्या घरांत एकाच वेळी १९२.१६८.१.१० असू शकतो. तो घराबाहेर चालत नाही.

निपाणीतल्या एखाद्या तंबाखूच्या वखारीत हिशेबाच्या संगणकावर बँकेचे संकेतस्थळ उघडले, असे समजू. निघालेल्या पॅकेटवर (माहितीच्या लहान गठ्ठ्यावर) पाठवणारा म्हणून १९२.१६८.१.१० हा पत्ता आणि ५१५१४ हा पोर्ट (उपकरणावरची एकेक जोडणी ओळखण्याचा क्रमांक) असतो. राउटर ते खोडून स्वतःचा सार्वजनिक पत्ता आणि ४०००१ हा पोर्ट घालतो, चेकसम (चूक पकडण्यासाठीचा पडताळणीचा आकडा) नव्याने काढतो आणि दोन्ही जोड्या आपल्या तक्त्यात टिपतो. कचेरीतल्या जावक नोंदवहीसारखेच हे. उत्तर ४०००१ वर आले की तक्ता पाहून ते हिशेबाच्या संगणकाकडे वळवले जाते. त्याच वेळी मालकाच्या मोबाईलनेही योगायोगाने ५१५१४ हाच पोर्ट निवडला असेल, तर त्याला बाहेर ४०००२ मिळतो, म्हणून घोटाळा होत नाही. पॅकेटमधला कूटबद्ध मजकूर राउटर उघडत नाही. बदल फक्त वरच्या मथळ्यात होतो.

या नोंदी कायम राहत नाहीत. टीसीपी या पद्धतीत जोडणी रीतसर उघडते आणि मिटते; ती बंद झाली की नोंद थोड्याच वेळात पुसली जाते. यूडीपी या दुसऱ्या पद्धतीत ‘बंद’ असा इशाराच नसल्याने राउटर काही काळ वाट पाहून नोंद काढतो. म्हणून इंटरनेटवरून बोलण्याची ॲप्स कोणी बोलत नसतानाही मधूनमधून छोटी पॅकेटे धाडत राहतात. राउटर बंद करून चालू केला की तक्ता कोरा होतो आणि चालू कॉल तुटतो.

खरी अडचण बाहेरून आत येताना होते. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला वडगावातल्या घराचे कॅमेरे पाहायचे असतात. पण त्याच्या मागणीसाठी तक्त्यात नोंदच नसते, आणि राउटर ते पॅकेट टाकून देतो. यावर उपाय म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग: अमुक पोर्टवर आलेले सारे डीव्हीआरकडे (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राकडे) पाठव, अशी कायमची नोंद. मात्र ती करूनही कॅमेरे दिसेनात, तर राउटरच्या सेटिंगच्या पानावरचा वॅन पत्ता, म्हणजे त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर सेवा देणाऱ्याकडेही नॅट आहे आणि आपला राउटर दुसऱ्या पायरीवर बसला आहे. हा पट्टा २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखला गेला. मग स्टॅटिक आयपीचे (न बदलणाऱ्या स्वतंत्र सार्वजनिक पत्त्याचे) जादा पैसे भरा, किंवा डीव्हीआर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी जोडून घेतो ती क्यूआर कोडची सोय वापरा. ही सोय सोपी खरी, पण आपल्या अंगणाची वाट दुसऱ्याच्या सर्व्हरवरून जाते.

अशा दुहेरी नॅटमध्ये शेकडो ग्राहक एका सार्वजनिक पत्त्याआड असू शकतात. तो पत्ता बेंगळुरूचा म्हणून नोंदला असला, तर बेळगावातल्या मराठी वाचकालाही संकेतस्थळ कन्नड जाहिराती दाखवू शकते. गुन्ह्याच्या तपासात नुसत्या पत्त्यावरून ग्राहक सापडत नाही. पोर्ट आणि अचूक वेळही लागते.

नॅट म्हणजेच सुरक्षा, असा समज सर्रास आढळतो. अनाहूत पॅकेटे आत येत नाहीत एवढेच खरे; मोबाईलमध्ये शिरलेले घातक ॲप आतून बाहेर जोडणी करते, तेव्हा नॅट तिचीही निमूट नोंद घेतो.

आयपीव्ही६ या नव्या आवृत्तीतला पत्ता १२८ बिटांचा असल्याने तिथे प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. मग पोर्ट फॉरवर्डिंगऐवजी फायरवॉलमध्ये (आत-बाहेर काय जाऊ द्यायचे ते ठरवणाऱ्या पहाऱ्यात) परवानगी द्यावी लागते. मात्र बरेच जुने डीव्हीआर आयपीव्ही६ ओळखत नाहीत, तेवढ्यांसाठी नॅटच राहते.