बॉम जेझूस बॅसिलिका, जुने गोवे

बॉम जेझूस बॅसिलिका हे जुने गोवे इथलं जेझुइट लोकांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने, बांधलेलं चर्च, भारतात बरोक शैली, म्हणजे युरोपातली भरगच्च सजावटीची शैली, बघायची तर बहुतेक जण आधी इथेच येतात. बांधकाम २४ नोव्हेंबर १५९४ ला सुरू झालं, १५ मे १६०५ ला आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी चर्चचा अभिषेक केला, १९४६ मध्ये पोपकडून बॅसिलिकाचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा, दर्जा मिळाला आणि १९८६ मध्ये जुन्या गोव्यातल्या बाकी चर्चेस आणि मठांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं. पणजीपासून साधारण १० किलोमीटर, कदंब स्टँडवरून बस सारख्या असतात, तिकीट वगैरे काही नाही.

येणाऱ्यातले निम्मे लोक आत शिरतात, उजवीकडे जाऊन सेंट फ्रान्सिस झेवियर या जेझुइट संताचं शव ठेवलेली पेटी मान वर करून बघतात आणि दहा मिनिटांत बाहेर येऊन लिंबू सोडा पितात. खरं तर बरोक काय ते समोरच्या मोठ्या आल्तारात, म्हणजे वेदीत, आहे, तिथे कोणी फारसं थांबत नाही.

आधी बाहेरचं. दर्शनी भिंत तीन मजली, जांभ्याची, आणि कोरीव काम मात्र काळ्या बेसाल्टमध्ये, हा दगड वसईहून आणलेला. वर मधोमध जेझुइटांची आयएचएस ही अक्षरं, म्हणजे येशूच्या ग्रीक नावाची सुरुवातीची तीन अक्षरं, कोरलेली दिसतील. खांबांवर डोरिक, आयोनिक, कोरिंथियन असे सगळे ग्रीक-रोमन प्रकार एकाच भिंतीवर मांडलेत, त्यामुळे जाणकार या दर्शनी भागाला पूर्ण बरोक म्हणत नाहीत, त्यात रेनेसान्सचाच, म्हणजे बरोकच्या आधीच्या शैलीचाच, भाग जास्त आहे आणि ते बरोबरच वाटतं. आता तो लालसर उघडा दगड, ज्याचे सगळे फोटो काढतात आणि किती जुनं, किती अस्सल म्हणतात, तो मुळात असा उघडा नव्हताच! समोरच्या से कॅथेड्रलसारखा इथेही चुन्याचा पांढरा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगालहून आलेल्या बाल्तझार काश्त्रो या वास्तुविशारदाने इमारत जुनी दिसावी म्हणून तो काढून टाकला. जांभा सच्छिद्र दगड, पाणी पितो, आणि गोव्याचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे भिंती झिजतायत आणि गिलावा परत करा अशी मागणी चर्चकडूनच झालेली आहे. ती मागणी पटण्यासारखी आहे, भले मग फोटो तेवढे भारी येणार नाहीत.

आत एकच लांब दालन, सुमारे ५६ मीटर लांब आणि १७ मीटर रुंद, बाजूच्या भिंती बऱ्यापैकी साध्या, आणि हा साधेपणा मुद्दाम केलेला वाटतो कारण सगळी नजर सरळ शेवटच्या आल्तारावर जाते. तो लाकडात कोरलेला, सोन्याचा मुलामा दिलेला आणि जवळजवळ छतापर्यंत गेलेला आहे, पिळाचे खांब, वेली, देवदूत, एक इंच मोकळा नाही. खाली लहानगा बाळ येशू, त्याच्या वर भलामोठा सेंट इग्नेशियस लॉयोला, हा जेझुइट संघाचा संस्थापक, आणि तो वर सूर्यासारख्या तेजोवलयातल्या आयएचएसकडे बघतोय, त्याच्याही वर ख्रिश्चनांची पवित्र त्रिमूर्ती, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. चर्च बाळ येशूच्या नावाचं आणि मध्ये सगळ्यात मोठा इग्नेशियस, यातून जेझुइटांना आपल्या संघाचं किती कौतुक होतं ते कळतं. मागच्या बाकावर पाच मिनिटं बसलं की खालून वर नजर कशी चढवत नेलीय ते आपोआप दिसतं. वाटेत डाव्या भिंतीत कोचीनचा कप्तान जेरोनिमो मास्करेन्हास याचं स्मारक आहे, तो १५९३ मध्ये वारला आणि त्याच्याच पैशातून हे चर्च उभं राहिलं.

आता पेटी. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळ शांगच्वान बेटावर वारला, शव आधी मलाक्काला आणि १५५४ मध्ये गोव्याला आणलं. चांदीची पेटी १६३६-३७ मधली, गोव्याच्याच सोनारांनी घडवलेली. खालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीचा, टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने दिलेला. संताच्या डोक्याखालची उशी त्याला भेट मिळाली होती, त्याची ही परतफेड! फ्लोरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने दहा वर्षं खपून केला, सुटे भाग जहाजाने आले आणि १६९८ मध्ये इथे जोडले. पेटी इतकी उंचावर आहे की खालून शव नीट दिसत नाही, त्यापेक्षा चौथऱ्यावरची ब्राँझची चार चित्रं बघा, ती डोळ्यांच्या टप्प्यात आहेत.

मराठी माणसाला एक गोष्ट माहीत असावी. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्याजवळचं जुवे बेट घेतलं, परत घ्यायला गेलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय मार खाऊन आला आणि याच चर्चमध्ये येऊन त्याने पेटी उघडवली, आपला राजदंड संताच्या शवाजवळ ठेवला आणि आता गोवा तूच वाचव म्हणाला अशी हकीकत आहे. तेवढ्यात औरंगजेबाचा मुलगा शहाआलम मोठी फौज घेऊन कोकणात उतरला, मराठ्यांना मागे फिरावं लागलं, आणि श्रेय अर्थातच संताला गेलं. गोव्यात आजही त्याला गोंयचो सायब म्हणतात, आणि फक्त ख्रिश्चनच नाही तर हिंदूही नवस बोलतात.

शव जवळून बघायचं तर दर दहा वर्षांनी होणाऱ्या प्रदर्शनाची वाट बघावी लागते. पहिलं १७८२ मध्ये झालं, पोर्तुगीजांनी जेझुइटांना हाकलल्यावर त्यांनी जाताना शव पळवलं अशी अफवा होती ती मोडायला. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५, त्या काळात शव समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. दरवर्षीचं फेस्त, म्हणजे संताचा उत्सव, ३ डिसेंबरला, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या प्रार्थना, बाहेर मेणबत्त्या आणि खाज्याची दुकानं. फेस्त बघायचं असेल तर मजा आहे, इमारत बघायची असेल तर त्या दिवसांत अजिबात जाऊ नका.

हे चालू चर्च आहे, म्युझियम नाही. मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, बहुतेक कोकणीत असते, ती चालू असताना फिरायचं नाही, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आल्तारासमोर पोझ देऊन फोटो काढले की लगेच हटकतात. रविवारी सकाळी पर्यटकांची आणि भाविकांची एकदम गर्दी होते, मधल्या वारी सकाळी लवकर गेलेलं बरं. तिथून रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल, त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये पडला तो परत बांधलाच नाही, आणि टेकडीवर सेंट ऑगस्टिन चर्चचे पडके अवशेष, चालत दहा मिनिटं, चढ आहे, पाणी सोबत ठेवा.